थुंकण्यापुरती जागा

मी एक पिकदाणी. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. आजवर पुष्कळांनी केलं, त्याचं आता मला काही वाटत नाही. पितळेची आहे, कंबर बारीक, तोंड पसरट, वजनाला भारी. माणसानं जे आत न्यायचं नाही ते आपल्यात घ्यायचं, एवढंच माझं काम. हे काम हलकं आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका तांबटाच्या हातचा. त्यानं मला विस्तवात लाल केलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं. ठोके खाताना वाटायचं, ह्या माणसाचा आपल्यावर राग आहे. मग त्यानं चिंच लावून मला घासलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यात आपला चेहरा बघून मिशीवरून हात फिरवला. तेव्हा कळलं, राग नव्हता.

शाहूपुरीतले गुळाचे अडते रेवणसिद्धअप्पा यांनी मला विकत घेतलं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सकाळी सौदे निघायचे. खरेदीदार यायचे, गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा नखानं उकरायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि माझ्यात थुंकायचे. एवढे रवे चाखायचे तर गिळून कसं चालेल? गूळ आणलेला शेतकरी समोर उभा असायचा. त्यालाही त्यात अपमान वाटत नसे. तिथली रीतच होती ती.

अप्पा म्हणायचे, "जिभंचं काम जिभंनं करावं. पोटाला मधी वढू नये."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

अप्पा गेले. त्यांचा मुलगा प्रभुलिंग याला गुळात राम वाटेना. आजऱ्याजवळ त्यांची थोडी जमीन होती, आसपास जांभळाची झाडं होती, काजूची बोंडं तर दरसाल पायाखाली सडायची. त्यानं तिथं जांभळाची आणि बोंडाची वाइन करायचं ठरवलं. त्यांच्या घरात कुणी दारूला शिवत नसे. त्याची आई चन्नम्मा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"अव्वा, ही दारू नव्हे," तो समजावत होता. "फळाचा रस आहे. जरा मुरवलेला."

"मुरलेल्या रसालाच दारू म्हणत्यात की रे."

त्यानं मला कोनाड्यातून उचललं.

"अप्पांची पिकदाणी कुठं नेतोस?"

"तिकडं लागते. वाइन चाखायची, तोंडात फिरवायची आणि थुंकायची असते."

"थुकायचीच हाय, तर करतोस कशाला?"

तरी त्यानं मला नेलं.

अशी मी दोन हजार तीन साली त्या चाखायच्या खोलीत आले. खोली लहान. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एक लांब टेबल, त्यावर बारीक दांड्याचे पेले. भिंतीवर प्रभुलिंगनं पाटी रंगवून घेतली होती : "वाइन म्हणजे दारू नव्हे, फळाचा रस." ती पाटी आईला उत्तर म्हणून लिहिली असावी. पण आई तिथं कधी आलीच नाही. वाचली ती इतरांनी.

रविवारी पाहुणे यायचे. आंबोलीला जाणारे, गोव्याला निघालेले, नाहीतर कोल्हापुरातूनच मुद्दाम आलेले. प्रभुलिंग पेल्यात तळाला थोडी ओतायचा आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे आणि घटकन गिळायचे.

"एवढीशीच व्हय?" एकजण म्हणाला. "पावणं म्हणून बोलावताय आन् डोळ्यात घालायचं औषध देताय."

दुसऱ्यानं पेला जोरात फिरवला, सगळी वाइन शर्टावर. त्याचा सोबती म्हणाला, "ह्येच्या शर्टाला इचारा कशी हाय ती."

बायडाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई लेक-जावयाबरोबर आल्या होत्या. जांभूळ साखरेच्या दुखण्याला चांगलं म्हणून त्यांनी नाक दाबून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काढाच हाय की ह्यो. ह्येला एवढा काचेचा थाट कशाला?"

हसायचे सगळे. पण माझ्यात वाइन कुणी थुंकायचं नाही. कुणी शेंगांची टरफलं टाकायचं, कुणी आधीचा गुटखा. यजमानानं हातानं दिलेलं थुंकायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं, असं ते मानत. गुळाच्या पेठेतली रीत इथं कुणाला ठाऊक नव्हती. मी टेबलाच्या कडेला कोरडी बसून असायची.

मग सयाजी आला.

सयाजी शिवाजी पेठेतला. आधी गावोगाव माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचा, पुढं तीच जीप सहलीला भाड्यानं द्यायला लागला आणि पाहुणे घेऊन आमच्याकडे यायला लागला. अंगानं जाड, बोलायला मऊ. त्यानं पहिल्याच दिवशी प्रभुलिंगला बाजूला घेऊन सांगितलं, "मालक, मी लई प्यायचो. जीप वढ्यात घातलीती. बायकूचा हात मोडला त्यात. मग आमच्या तालमीत मारुतीम्होरं, वस्तादांच्या हातावर हात ठिवून शपथ घेतली. तवापासनं थेंब न्हाय. मला दिऊ नका."

प्रभुलिंग बरं म्हणाला. पण पाहुणे ऐकेनात. कोल्हापूरच्या माणसाला आपण खाताना ड्रायव्हर बाजूला उभा राहिलेला चालत नाही. "दादा, घ्या की. असं कसं?" "त्येंला पैलं द्या, मग आमाला." सयाजी नको म्हणाला की त्यांचं तोंड उतरायचं. एकानं तर पेला खाली ठेवला. "रोज येणारा मानूसच घेत न्हाय, म्हंजे मालात कायतरी असंल."

त्या दिवशी एकही बाटली खपली नाही. पाहुणे गेल्यावर प्रभुलिंगनं सयाजीला माझ्यासमोर आणलं.

"सयाजीराव, तोंडात घ्या आणि हिच्यात थुंका. गिळायची नाही. त्यांचाही मान राहील, तुमचीही शपथ राहील."

सयाजीनं आधी चूळ भरून बघितली, पाण्याची. शिकणाऱ्या पोरासारखी.

तेव्हापासून दर रविवारी तो आला की मला काम असायचं. पाहुणे आग्रह करायचे, तो पेला घ्यायचा, तोंडात घ्यायचा, वाकायचा आणि सगळी माझ्या हवाली करायचा. मग तीनदा चूळ भरायचा. लोकांना गंमत वाटायची. त्याचं बघून काहीजण थुंकायलाही शिकले. पण ते हौशी. सयाजी थुंकायचा तेव्हा त्याची बोटं माझ्या काठावर घट्ट धरलेली असायची. धरणाऱ्याला किती धरायला लागतंय, ते काठाला कळतं.

निघताना तो मला नळावर न्यायचा आणि स्वतः घासायचा. प्रभुलिंगचा गडी म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या वो, मी धुतो." सयाजी म्हणायचा, "आपलं थुकल्यालं आपन धुवावं." घासताना मला हळूच बोलायचा, "ऱ्हायली बाई शपथ आजबी."

एका रविवारी त्यानं बायकोला आणि लेकीला बरोबर आणलं. बायकोचं नाव शालूबाई, लेक अनुजा. शालूबाईंचा डावा हात कोपरात जरा वाकडा होता. त्या दाराशी उभ्या राहिल्या, पदर दातात धरून सगळं बघत. नवऱ्यानं पेला तोंडाला लावला तेव्हा त्यांनी लेकीचा खांदा पकडला. त्यानं माझ्यात टाकल्यावर त्या पुढं आल्या, वाकल्या आणि माझ्या आत बघितलं. तळाला जांभळं पाणी होतं. नवऱ्याची थुंकी बघून एवढा उजळलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी मला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

"येडी हायस का?" सयाजी म्हणाला.

"असूंदे," त्या म्हणाल्या.

अशी दोनेक वर्षं गेली. ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं.

प्रभुलिंगचा धंदा जरा नावारूपाला आला. लांबून पाहुणे यायला लागले, फोटो काढायला लागले. पुण्याकडची एक बाई मला बघून म्हणाली, "पिण्याच्या टेबलावर पिकदाणी? शी." प्रभुलिंगच्या ते मनाला लागलं. त्यानं मला उचलून मागच्या बाटल्यांच्या खोलीत ठेवलं. पुढं चिनी मातीची नवी आणायची, असं गड्याला म्हणाला. माझ्या जागी फुलदाणी आली, प्लॅस्टिकच्या फुलांची.

पुढच्याच रविवारी शिवाजी पेठेतल्या तालमीची पोरं आली. त्यांच्या फुटबॉल संघानं सामना जिंकला होता आणि सगळे आंबोलीला निघाले होते. जीप सयाजीचीच. बरोबर तालमीचे वस्ताद आकाराम. वय झालेलं, पण मान ताठ. ह्यांच्याच हातावर सयाजीनं शपथ घेतली होती.

बाटल्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथून मला सगळं दिसत होतं.

वस्तादांनी चष्मा लावून भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली. मग प्रभुलिंगला विचारलं, "ह्ये खरं हाय काय वो?"

"खरंच की, वस्ताद. नुसतं फळ. आमच्या घरात दारूला शिवत नाहीत."

मग वस्तादांनी घेतली. आयुष्यात त्यांनी दारू घेतलेली नव्हती, ही घेतली. मिटक्या मारल्या. "जांभूळच की रं ह्ये." पोरं खूश झाली. त्यांनी खोकंभर बाटल्या बांधायला सांगितल्या. वस्तादांनी दुसरा पेला भरून घेतला, दाराशी उभ्या असलेल्या सयाजीजवळ गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

"सया, घे."

"नको वस्ताद. तुमच्याम्होरंच शपथ घेतलीया मी."

"मीच घातली न्हवं? मी दारूची घातली. ह्यो रस हाय. भिंतीवर लिवलंय, वाच की."

"व्हय. पर नको."

"माझ्या हातचं नको म्हंतोस?"

पोरांतला एकजण हळूच म्हणाला, "घे की सयादा, वस्ताद देत्यात."

सयाजीनं पेला घेतला. दर रविवारसारखं त्यानं सगळं तोंडात घेतलं, दर रविवारसारखा टेबलाकडे वळला आणि वाकला. तिथं फुलदाणी होती.

तो तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. गाल फुगलेले, डोळे माझा शोध घेत होते. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते. पितळेला कुणीतरी वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

तुम्ही म्हणाल, बाहेर अंगण होतं, चार पावलं जाऊन थुंकायचं. पण नीट बघा. पिकदाणीत थुंकणं ही त्या खोलीची रीत होती. वस्तादांच्या हातचं बाहेर जाऊन मातीत थुंकणं, ही वस्तादांच्या पागोट्यावर थुंकण्याची गोष्ट झाली असती. तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं.

त्यानं प्रभुलिंगकडे बघितलं. प्रभुलिंगला सगळं माहीत होतं. एक शब्द पुरला असता. तो खाली मान घालून खोक्यात बाटल्या लावत होता. दोन बाटल्यांच्या मध्ये गवत सारत होता, फार काळजीनं.

सयाजीच्या गळ्यातली गाठ वर गेली आणि खाली आली.

"कशी हाय?" वस्तादांनी विचारलं.

"गोड हाय," सयाजी म्हणाला.

वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरं हसली. सगळे जीपकडे गेले. त्या दिवशी काही झालं नाही. जीप नीट आंबोलीला गेली, नीट घरी आली. काही झालं नाही, हेच वाईट झालं. एक घोट घेऊनही काही होत नाही, हे त्याला कळलं.

प्रभुलिंगला रात्रभर टोचलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यानं मला बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. पुढच्या रविवारी सयाजी आला तेव्हा मी माझ्या जागी होते. त्यानं पेला घेतला. तोंडात घेतलं. माझ्यावर वाकला. त्याची बोटं माझ्या काठावर आली, पण ती घट्ट नव्हती. मी वाट बघत राहिले. त्यानं डोळे मिटले आणि गिळलं.

मग त्यानं मला नळावर नेऊन घासलं. मी कोरडीच होते, तरी घासलं. "ऱ्हायली बाई" तेवढं म्हणाला नाही.

पुढचं लवकर सांगून टाकते. आधी एक पेला, मग दोन. मग पाहुण्यांनी आग्रह करायच्या आधीच हात पुढं यायला लागला. मग परत जाताना वाटेत गुत्त्यावर थांबायला लागला. तिथं फळाचा रस नसतो. लोकांनी त्याची जीप भाड्यानं घ्यायचं बंद केलं.

एके दिवशी प्रभुलिंग त्याला म्हणाला, "सयाजीराव, आजपासून तुम्हाला द्यायची नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

सयाजी हसला. "मालक, माझं भलं तवा कुटं गेलतं? बाटल्या भरत हुता तवा?"

त्यानंतर तो आला नाही. जीप विकली, असं गड्याकडून कळलं. मला पुन्हा काही काम राहिलं नाही. पाहुणे यायचे, पाटी वाचायचे, गिळायचे, जायचे.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात एका दुपारी शालूबाई एकट्याच आल्या. एसटीनं आल्या होत्या, पायांवर धूळ होती. प्रभुलिंग उठून उभा राहिला.

"वहिनी, बसा. सयाजीराव कसे आहेत?"

"दवाखान्यात हाईत. लिवर गेलंय म्हनत्यात." त्या बसल्या नाहीत. "ती पितळंची पिकदाणी हाय न्हवं, ती पायजे. तिथं प्लॅस्टिकचं टमरेल हाय, त्यात थुकत न्हाईत. म्हनत्यात, माझी आना."

प्रभुलिंगनं मला दोन्ही हातांनी उचलून त्यांना दिलं. मग काय करावं ते न सुचून त्यानं गड्याला चहा आणायला सांगितलं. चहा आला.

"नको," शालूबाई म्हणाल्या.

"थोडा तरी घ्या वहिनी. लांबून आलाय. असं कसं..."

"नको म्हटलं की."

प्रभुलिंग थांबला. कप त्याच्या हातात तसाच राहिला. शालूबाईंनी मला पिशवीत घातलं आणि त्या रस्त्याला लागल्या. त्यांच्या मागोमाग तो फाटकापर्यंत आला, कप हातात घेऊन. पुन्हा घ्या म्हणाला नाही.

दवाखान्यात सयाजीला मी ओळखलं नाही. अंगावरचं मांस उतरलं होतं, पोट तेवढं फुगलं होतं, डोळे हळदीसारखे. त्यानंच मला ओळखलं. त्यानं माझ्या काठाला बोटं लावली. घट्ट धरायची ताकद नव्हती, पण धरायचा प्रयत्न केला, तो मला कळला.

वस्ताद आकाराम भेटायला आले. खाटेच्या पायथ्याशी बसले. ताठ मान गेली होती.

"सया," ते म्हणाले, "मी रस म्हनून दिलता रं."

"व्हय वस्ताद," सयाजी म्हणाला. "रसच हुता."

एवढं म्हणून त्याला उबळ आली. शालूबाईंनी मला पुढं धरलं. तो माझ्यावर वाकला आणि जे आलं ते सगळं माझ्यात टाकलं. काळपट लाल, गरम. रंग तसाच दिसला म्हणून क्षणभर मला जुने रविवार आठवले. पण जांभूळ गरम नसतं.

शालूबाईंनी वाकून माझ्या आत बघितलं. पूर्वी बघितलं होतं तसंच. ह्या वेळी त्यांनी मला बोट लावलं नाही. त्या मला घेऊन मोरीकडे गेल्या आणि पाणी निर्मळ होईपर्यंत धूत राहिल्या. परत आल्या तेव्हा वस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सयाजी गेला.

आता मी शिवाजी पेठेत शालूबाईंच्या खोलीत, दाराजवळच्या फळीवर असते. मोडवाला येतो, पितळेला चांगला भाव आहे म्हणतो. त्या मान हलवतात. रविवारी मला चिंच लावून घासतात. माझ्यात कुणी थुंकत नाही. प्रभुलिंगची ती खोली पुढच्याच वर्षी बंद झाली, असं ऐकलं. पाटी अजून भिंतीवर असेल.

शालूबाई तुसड्या झाल्या, असं आळीत म्हणतात. त्यांच्या घरी आलेला माणूस चहाला एकदा नको म्हणाला की त्या दुसऱ्यांदा विचारत नाहीत. कप उचलून आत नेतात. परवा अनुजा म्हणाली, "आई, लोकांना वाईट वाटतंय. जरा घ्या की म्हनत जा."

"न्हाय म्हननार," त्या म्हणाल्या.

मी फळीवरून ऐकत होते. मला त्या तुसड्या वाटत नाहीत.

माझं सांगणं संपलं. मी तोंडातलं टाकून द्यायची वस्तू, मी शहाणपण काय सांगणार. पण तुमच्या दारात कुणी हात आडवा धरला, तर त्याच्या हातापुढं तुमचं प्रेम मोठं करू नका. आणि अगदीच राहवलं नाही, ओतलंच तुम्ही, तर त्याच्याजवळ थुंकण्यापुरती जागा असू द्या. तेवढी जागा मी होते. मला आत नेऊन ठेवलं होतं.